शाळेच्या पहिल्या दिवसाआधी: बालवाडी, नर्सरी आणि पहिलीच्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

जूनमध्ये मूल पहिल्यांदा शाळेत जाणार म्हटलं की घरात एबीसीडीची पुस्तकं येतात आणि शंभरपर्यंतचे अंक पाठ करून घेणं सुरू होतं. वर्गात मात्र पहिल्या महिन्यात मूल अडतं ते चड्डीच्या बटणापाशी, डब्याच्या झाकणापाशी आणि गेटवर आईचा हात सोडताना. म्हणून इथे या गोष्टींना जास्त जागा दिली आहे आणि अक्षरांना कमी.

वय नक्की किती पूर्ण हवं?

महाराष्ट्रात राज्य शासनाच्या नियमाप्रमाणे नर्सरीसाठी ३ वर्षं आणि पहिलीसाठी ६ वर्षं पूर्ण हवीत. वय मोजायचं ते त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला. केंद्रीय विद्यालयात हीच मोजणी ३१ मार्चला होते, त्यामुळे दोन्हीकडे अर्ज करणार असाल तर हिशेब वेगळा करा.

यातली मेख अशी, की जानेवारीत जन्मलेलं मूल जूनमध्ये साधारण ३ वर्षं ५ महिन्यांचं असतं आणि डिसेंबरअखेरचं जेमतेम अडीच वर्षांचं. दोघं एकाच बाकावर. या वयात अकरा महिन्यांचं अंतर फार मोठं: एक मूल गोष्ट सांगतं, दुसरं अजून दोन-तीन शब्दांची वाक्यं जोडत असतं. नोव्हेंबर-डिसेंबरचं मूल अजून लंगोट किंवा डायपरवर असेल, तर एक वर्ष थांबल्याने काही वाया जात नाही. शेजारच्या मुलाशी तुलना करताना आधी त्याचा जन्ममहिना विचारा.

अक्षरं आणि अंक किती यायला हवेत?

नर्सरीला एकही नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १३ प्रमाणे प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घेता येत नाही. पहिल्या उल्लंघनाला २५,००० रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. तेव्हा 'मुलाखतीची तयारी' करून देणाऱ्या शिकवणीचे पैसे वाचवा.

पहिलीत जाताना आपलं नाव लिहिलेलं ओळखता यावं आणि दहापर्यंत वस्तू मोजता याव्यात, एवढं खूप झालं. मोजणं म्हणजे अंक म्हणणं नव्हे. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला "पाच चमचे आण" म्हटलं की तो मूठभर चमचे घेऊन येतो, हे नेहमी दिसतं. जिना चढताना पायऱ्या मोजा, ताटं मांडताना माणसं मोजा, चपलांच्या जोड्या लावायला सांगा. भाषेसाठी रोज एक गोष्ट, तीसुद्धा तीच तीच चालेल. यमकाची गाणी, बडबडगीतं म्हणा. आणि दोन कामांची सूचना एका दमात द्या: "चप्पल कप्प्यात ठेव आणि हात धुऊन ये." वर्गात बाई असंच बोलतात.

पेन्सिल हातात कधी द्यायची?

आधी हात तयार होऊ द्या. तीन वर्षांच्या मुलाच्या बोटांत अक्षर गिरवण्याइतका जोर नसतो. लिहायला लावलं तर ते पेन्सिल मुठीत धरतं किंवा अंगठा बोटांवर गुंडाळतं. ही पकड एकदा मुरली की सहाव्या-सातव्या वर्षी मोडणं अवघड जातं, आणि मग दुसरीत "हात दुखतो" ही तक्रार सुरू होते.

हात तयार होतात ते स्वयंपाकघरात. कणकेचा गोळा मळायला द्या. मटार सोलणं, भुईमुगाच्या शेंगा फोडणं, चिमटे लावून रुमाल वाळत घालणं, सांडलेले चुरमुरे एकेक वेचणं, हे सगळं रोज दहा मिनिटं. (शेंगदाणे तोंडात जाणार नाहीत याकडे लक्ष ठेवा. कारण डब्याच्या प्रश्नात आहे.) मग खडू द्या, पण अख्खा नको. दोन-तीन सेंटीमीटरचा तुकडा मुठीत धरताच येत नाही, तो आपोआप तीन बोटांत येतो. पाटी किंवा कागद भिंतीला टेकवून उभा ठेवा. उभ्या पृष्ठभागावर काढताना मनगट योग्य कोनात वळतं.

आकार साधारण याच क्रमाने जमतात: दोन वर्षांच्या सुमारास उभी रेघ, तिनाच्या सुमारास गोल, चाराला अधिकचं चिन्ह, साडेचारच्या आसपास चौकोन, पाचाला त्रिकोण. देवनागरी अक्षरात उभी रेघ, वळण आणि गाठ एकत्र जुळवावी लागते. त्रिकोण जमत नाही त्या मुलाला 'क' जमणार नाही, यात त्याचा आळस नाही. लिहायला घ्याल तेव्हा अ-आ-इ पासून सुरुवात करू नका. 'अ' आणि 'इ' ही वळणांनी भरलेली अवघड अक्षरं आहेत. जुन्या पद्धतीत 'ग म भ न' ने सुरुवात होई ती एवढ्याचसाठी, की चारींना उजवीकडे सरळ उभा दंड आहे आणि डावीकडचा भाग तेवढा बदलतो.

डावखुरं मूल असेल तर हात बदलू नका. बाकाच्या डाव्या टोकाला बसवायला सांगा म्हणजे कोपर शेजाऱ्याला लागत नाही, आणि वही घड्याळाच्या काट्याच्या दिशेने थोडी तिरकी ठेवायला शिकवा.

शू-शी अजून नीट सांगत नाही. काय करायचं?

सगळ्यात आधी शब्द तपासा. घरात 'सू', 'पीपी', 'नंबर वन' असं काहीही चालत असतं. बाईंना आणि मावशींना ते कळेलच असं नाही. "मला शूला जायचंय" हे पूर्ण वाक्य मोठ्या आवाजात, अनोळखी माणसासमोर म्हणायची सवय करा. शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरी मावशींशी बोलायचं ते मराठीत किंवा हिंदीत, हे लक्षात ठेवा.

मग कपडे. शाळेच्या चड्डीला किंवा स्कर्टला हुक, पट्टा, घट्ट बटण असेल तर शिंप्याकडून इलॅस्टिक घालून घ्या. बऱ्याच 'चुका' वेळेत चड्डी न उतरल्याने होतात.

शाळा सुरू व्हायच्या सहा आठवडे आधी क्रम ठरवा: चड्डी गुडघ्याखाली, बसणं, धुणं, चड्डी वर, पाणी टाकणं, हात साबणाने धुणं. उलटं शिकवा: शेवटची पायरी मुलाने करायची, बाकी तुम्ही. ती जमली की त्याआधीची. शी झाल्यावर स्वतः स्वच्छ धुणं बहुतेक मुलांना चार-पाच वर्षांपर्यंत जमत नाही. तिथे शाळेत मदत कोण करतं, हे पालकसभेत थेट विचारा. घरी कमोड आणि शाळेत भारतीय बैठक असेल तर सुट्टीत कुठेतरी तसा सराव करून घ्या. उकिडवं बसताना तोल जातो, म्हणून मुलं टाळतात.

टाळण्याचं हे प्रकरण गंभीर होऊ शकतं. शाळेचं शौचालय अंधारं किंवा वासाचं असेल तर मूल दिवसभर रोखून धरतं आणि त्यासाठी पाणीच पीत नाही. त्यातून बद्धकोष्ठता आणि लघवीचा जंतुसंसर्ग होतो. भरलेली बाटली घरी परत येणं आणि दारातून थेट मोरीकडे धावणं ही त्याची खूण. शाळेत जागा दाखवून आणा, बाईंशी बोला, ठरावीक वेळी (डब्याआधी आणि सुटायच्या आधी) पाठवायची विनंती करा. शू होईल म्हणून पाणी कमी देऊ नका.

दप्तरात दोन जादा चड्ड्या आणि एक प्लास्टिकची पिशवी कायम असू द्या. आणि ओली चड्डी घरी आली तर चारचौघांत विषय काढू नका.

डब्यात काय आणि किती?

छोटी सुट्टी १५-२० मिनिटांची. त्यातली पाच हात धुण्यात आणि डबा उघडण्यात जातात. म्हणजे खायला दहा मिनिटं. जे दहा मिनिटांत, एकट्याने, हात फार न माखता संपतं ते डब्यात.

बाजारातून डबा आणाल तेव्हा दुकानातच मुलाला उघडायला लावा. चारी बाजूंनी कड्या असलेले स्टीलचे डबे गळत नाहीत, पण चार वर्षांच्या बोटांना उघडतही नाहीत. मे महिन्यात आठवडाभर घरीच चटई टाकून, घड्याळ लावून, त्याच डब्यात खायला द्या. काय उरतं ते पाहून प्रमाण ठरवा.

तीन-चार वर्षांच्या मुलाला एक छोटी पोळी किंवा दोन छोट्या इडल्या आणि दोन-तीन फोडी फळ पुरतं. आया घाबरून दुप्पट भरतात. मग डबा संपत नाही आणि न संपलेल्या डब्याचंच मुलाला दडपण येतं. पोळीला तूप-गूळ किंवा भाजी लावून गुंडाळी करा आणि चार तुकडे कापा. धिरडं, मऊ थालीपीठ, तिखटमिठाच्या पुऱ्या चालतात. पोहे सांडतात, उपमा गार झाला की घट्ट गोळा होतो, शिरा बोटांना चिकटतो.

अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं आणि कडक गोळ्या पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या डब्यात नकोत. घशात अडकून श्वास कोंडण्याचा धोका खरा आहे. द्राक्षं उभी चार भागांत कापा, शेंगदाण्याचं कूट करा. कशाची ॲलर्जी असेल तर बाईंना लेखी द्या.

पाण्याची बाटली ३००-४०० मिलीलीटरची. लिटरची बाटली मुलाच्या खांद्याला जड आणि वापरायला निरुपयोगी.

जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत पहिलीत जाणार असेल तर तिथे शिजवलेला पोषण आहार मिळतो. अशा मुलाला पंगतीत बसून, भरवून न घेता, आमटी-भात किंवा खिचडी आपल्या हाताने खाता आली पाहिजे.

गेटवर रडून गोंधळ घालतो. कसं सोडायचं?

सांगून. मूल खेळण्यात गुंतलं की मागच्या मागे सटकणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात महाग उपाय आहे. त्या दिवशी रडणं टळतं, पण 'आई केव्हाही गायब होते' हे मुलाला कळतं. दुसऱ्या दिवसापासून ते क्षणभरही पदर सोडत नाही, घरीसुद्धा.

तयारी मेपासूनच करा. अर्धा तास आत्याकडे, मग तासभर शेजारच्या काकूंकडे. प्रत्येक वेळी "मी जाते आणि येते" सांगून जायचं आणि सांगितल्याप्रमाणे यायचं. शाळा सुरू होण्याआधी एकदा तिच्यावरून फेरी मारा. आत जाता आलं तर वर्ग, नळ आणि शौचालय दाखवा.

निरोप ठरलेला आणि छोटा हवा: एक पापा, एक टाटा, एक वाक्य. त्या वाक्यात घड्याळ नको, कारण 'बारा वाजता' याला तीन वर्षांच्या मुलाच्या लेखी काही अर्थ नाही. "डबा खाल्ला, गाणी झाली, की बाबा गेटवर उभा" हे त्याला कळतं. मग खरंच उभे राहा, पहिले दोन आठवडे पाच मिनिटं आधीच. सगळी मुलं गेली आणि आपलं कोणी आलं नाही, हा अनुभव एकदा आला तरी पंधरा दिवसांची कमाई जाते.

सोडून झाल्यावर खिडकीतून डोकावू नका. बहुतेक मुलं पालक दिसेनासे झाल्यावर काही मिनिटांत शांत होतात; तुमचा चेहरा दिसला की पहिल्यापासून सुरुवात. आईला जास्त चिकटत असेल तर सोडायचं काम बाबांनी किंवा आजोबांनी करावं. आजोबा मात्र विरघळून परत घरी घेऊन येणारे नसावेत.

पहिले दोन दिवस मजेत गेले आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू फुटलं, तर दचकू नका. हे रोजचंच आहे, असं मुलाला तेव्हा उमगलेलं असतं. साधारण दोन-तीन आठवड्यांत घडी बसते. सोमवारी, गणपतीच्या आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर ती पुन्हा विस्कटते आणि आधीपेक्षा लवकर बसते. दीड महिन्यानंतरही मूल शाळेत दिवसभर रडत असेल, खात नसेल, झोपेत दचकत असेल, तर कारण शोधा: बाईंशी बोला, गरज वाटली तर बालरोगतज्ज्ञांशी.

एक गोष्ट आजपासून बंद करा: "थांब, शाळेत घातलं की बाई बघतील तुझ्याकडे." ज्या माणसाच्या हाती मुलाला सोपवायचं, त्याचाच बागुलबुवा आपण करून ठेवतो.

सकाळी उठतच नाही.

तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास झोप लागते. मामाच्या गावाला रात्री अकरापर्यंत जागलेलं मूल शाळेच्या आदल्या रात्री नऊला झोपणार नाही. शाळेच्या तीन आठवडे आधीपासून दर तीन दिवसांनी झोपायची आणि उठायची वेळ १५ मिनिटं अलीकडे आणा. मोबाइल आणि टीव्ही झोपेच्या तासभर आधी बंद. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा शासनाचा निर्णय आहे. प्रवेश घेताना वेळ विचारून घ्या.

घरी मराठी, शाळा इंग्रजी. घरीही इंग्रजी बोलायचं का?

नाही. घरची भाषा पक्की असली की दुसरी तिच्यावर चढते. तुमच्या मोडक्या इंग्रजीने मुलाचं इंग्रजी सुधारत नाही, उलट गप्पा कमी होतात. नव्या भाषेच्या वर्गात काही मुलं काही महिने बोलतच नाहीत, फक्त ऐकतात. ते चालतं. मात्र अडीअडचणीची पाच-सहा वाक्यं शाळेच्या भाषेत पाठ हवीत: पाणी हवं, शूला जायचंय, पोटात दुखतंय, तो मारतो, उघडून द्या, आणि स्वतःचं पूर्ण नाव.

तीन वर्षं झाल्यावरही बाहेरच्या माणसाला मुलाचं बोलणं फारसं कळत नसेल, किंवा ते दोन शब्द जोडत नसेल, तर 'आपोआप बोलेल' म्हणून थांबू नका. पहिली तपासणी कानांची.

लसी आणि तपासण्या?

लसीकरणाचं कार्ड काढून बघा. पाच-सहा वर्षांच्या दरम्यानचा डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) दुसरा बूस्टर बऱ्याच जणांचा राहून जातो. टीव्हीला नाक लावून बघणं, डोकं तिरकं करून बघणं, हाक मारल्यावर वळून न बघणं, यांतलं काही दिसलं तर शाळेआधीच डोळे-कान तपासा. पहिल्या पावसाळ्यात सर्दी-ताप येत राहणार. औषधाशिवाय २४ तास ताप नसेल तरच शाळेत पाठवा.

काय काय विकत घ्यायचं?

कमी. २०२० च्या दप्तर धोरणात पूर्वप्राथमिकला दप्तरच नाही; पहिली-दुसरीसाठी वजनाची मर्यादा १.६ ते २.२ किलो आहे. डबा, बाटली आणि जादा कपडे मावतील एवढी पिशवी पुरे. शाळा जूनमध्ये उघडते, म्हणजे पावसात. दप्तरासकट झाकेल असा रेनकोट घ्या, छत्री नको. बूट वेल्क्रोचे, शाळेची परवानगी असेल तर पावसाळाभर सँडल, कारण ओल्या मोज्यांत चार तास बसलं की बोटांच्या बेचक्या चिघळतात. प्रत्येक वस्तूवर नाव घाला, बाटलीच्या टोपणावरसुद्धा.

कागदपत्रांत काय चुकतं?

स्पेलिंग. जन्मदाखल्यावर, आधारवर आणि शाळेच्या अर्जावर नाव अक्षर न अक्षर सारखं हवं. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आज जे लिहिलं जाईल तेच पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर येतं, आणि जातीच्या दाखल्यापासून पासपोर्टपर्यंत तेच पाहिलं जातं. जन्मतारीख, जन्मगाव, जात यांची नोंद प्रवेशाच्या दिवशीच डोळ्यांनी वाचा. जन्मदाखल्यावर बाळाचं नावच घातलेलं नसेल तर ते १५ वर्षांपर्यंत घालता येतं, पण प्रवेशाच्या आठवड्यात ती धावपळ नको. पाच वर्षं झाल्यावर आधारमध्ये बोटांचे ठसे द्यावे लागतात. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांची नावं सरकारी कागदांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लिहायची आहेत. वयाचा पुरावा नाही एवढ्यावरून पहिलीचा प्रवेश नाकारता येत नाही.

अंगणवाडीतून थेट पहिलीत गेलं तर मूल मागे पडतं का?

अंगणवाडीचं नाव ऐकून नाक मुरडणाऱ्यांसाठी: लहान मुलांचं शिक्षण अंगणात, झाडाखाली नेण्याचं काम ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला केलं, ते चकचकीत नर्सऱ्या निघण्याच्या कितीतरी आधी. तुमच्या अंगणवाडीत रोज गाणी, गोष्टी, मणी ओवणं होत असेल तर मूल मागे पडत नाही. नुसता आहार वाटून घरी पाठवत असतील तर घरी थोडं जास्त करावं लागेल. जिल्हा परिषदेच्या शाळांत 'पहिले पाऊल' या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात. उड्या मारणं, वस्तू मोजणं, चित्राबद्दल बोलणं अशा टेबलांवरून मूल फिरतं, आणि कुठे अडतं ते आईला तिथेच कळतं. मेळाव्याला आजीने नव्हे, जो रोज अभ्यास घेणार त्याने जावं.

रिक्षा, व्हॅन आणि अनोळखी माणसं?

न्यायला कोण येणार त्यांची नावं आणि फोटो शाळेत द्या. मुलाला एकच नियम: यादीतल्या माणसाशिवाय कोणाबरोबर जायचं नाही, ओळखीच्या काकांबरोबरही नाही. व्हॅनमध्ये किती मुलं बसवतात ते स्वतः जाऊन मोजा, तोंडी सांगण्यावर विसंबू नका. चड्डीच्या आतल्या जागेला आई-बाबांनी अंघोळीला आणि डॉक्टरांनी आईसमोर, याशिवाय कोणी हात लावायचा नाही. शाळेत धुवायला मदत करणाऱ्या मावशी कोण, हेही नावाने सांगा, नाहीतर मूल गोंधळतं. कोणी 'आईला सांगू नको' म्हटलं तर तेच आधी आईला सांगायचं. मदतीसाठी चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक आहे.

"आज काय शिकवलं?" विचारलं की "काही नाही" म्हणतो.

प्रश्न फार मोठा आहे. "डबा खाताना शेजारी कोण होतं?", "आज कोण रडलं?", "बाईंची साडी कुठल्या रंगाची होती?" असं विचारा. तेही घरी आल्यावर लगेच नाही. चार तास शहाण्यासारखं वागून दमलेलं मूल दारात चप्पल भिरकावतं, क्षुल्लक कारणावरून भोकाड पसरतं. आधी पाणी, मग खाऊ, मग अर्धा तास काहीच न बोलता. शाळेतल्या गोष्टी बऱ्याचदा रात्री, दिवा मालवल्यावर निघतात.